आठव्या पायरीवरचा कुंदन

लिंबायतच्या त्या गल्लीत सकाळचा उजेड कधीच थेट उतरत नसे. आधी तो समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीवर येऊन बसे, काळ्या प्लास्टिकवर किंचित निळसर होऊन थांबे, आणि खाली यावे की नाही याचा बराच वेळ विचार करी. मग तो टाकीवरून पत्र्यावर सरके, पत्र्यावरून गच्चीत वाळणाऱ्या साड्यांवर; आणि त्या झिरझिरीत कापडातून गाळून निघाल्यामुळे भिंतीवर पडताना कधी फिकट केशरी होई, कधी शेवाळी. बन्सीलालच्या घराच्या जिन्यात तो लोखंडी जाळीतून शिरे आणि तिथे त्याचे लहान लहान चौकोन होत. मागच्या कापड विणायच्या कारखान्यातले लूम रात्रभर चालत. त्यांच्या ठेक्याने जिना बारीक थरथरे, आणि जिन्याबरोबर ते चौकोनही. पाहणाऱ्याला वाटे, उजेडालाच हुडहुडी भरली आहे. सूर्य वर येई तसे ते चौकोन एकेक पायरी खाली उतरत: अकरावी, दहावी, नववी.

ललित लहानपणापासून हे पाहत आला होता. आपल्या सव्वीस वर्षांत त्याने माणसांच्या चेहऱ्यांकडे जितके पाहिले नसेल तितके या उजेडाकडे पाहिले होते. उजेड उलट काही विचारत नाही. आज मात्र ते चौकोन आठव्या पायरीवर पोचल्याचे त्याला दिसले नाही. ते माणसांच्या पाठींवर पडले होते. जिना माणसांनी भरला होता, खालची खोली भरली होती, आणि दारातून पाहिले तर गल्लीतही डोकीच डोकी होती.

“किती झाले?”

“सात अकरा. गप बसा आता. ए बाई, त्या लेकराला कडेवर घे.”

जिन्याच्या तोंडाशी पाटावर ललितची आई, पुष्पाबाई, बसली होती. मांडीवरच्या रुमालावर तिचा फोन ठेवलेला, फोनला हळद-कुंकू. सात वाजून बारा मिनिटांनी तो फोन एकदा थरथरला. पुष्पाबाईने तो उचलून सगळ्यांना दाखवला. काचेवर मराठीत एक ओळ होती: ‘कुंदन आता आपल्या घराशी जोडले गेले आहे.’

“उना!” पुष्पाबाई म्हणाली. “मना कुंदन उना!”

कुंदन आला, असे ऐकताच जिन्यातले सगळे हात एकदम जोडले गेले. कोणी तरी हुंदका दिला. कुंदन तिचा थोरला मुलगा. त्याला जाऊन नऊ महिने झाले होते.

*

कुंदन इच्छापोरच्या एका कारखान्यात रात्रपाळीला होता. पाळी सहाला सुटे आणि मोटरसायकलवरून तो सात-सव्वासातला घरी येई. जूनमधल्या एका सकाळी तो आला नाही. हजिऱ्याच्या रस्त्यावर एका ट्रकने त्याला गाठले होते. मागे राहिली बायको गायत्री, पाच वर्षांची उज्ज्वला, आणि पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत, कपाटावर, त्याने घेतलेला वाय-फायचा जुना राउटर: दोन कान असलेली, पिवळी पडत चाललेली एक पेटी.

गायत्रीने डोळे पुसले आणि साड्या विकायला घेतल्या. बाजारातून माल आणायचा आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून, फोन समोर धरून, खानदेशातल्या बायकांना एकेक साडी उलगडून दाखवायची. तिला वर नेट पोचावे म्हणून महिन्यापूर्वी ललितने नवा संच आणला. दोन पेट्या, एक तळमजल्यावर, एक दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना खालची पेटी फोनला वरच्या पेटीच्या हवाली करी, आणि फोनला ते कळतही नसे. संचाचे ॲप आईच्या फोनवर बसवले, कारण घरात तोच फोन नवा होता. घराच्या नेटला काहीही जोडले गेले, की ते ॲप तसे कळवी.

मधल्या मजल्यावर मात्र नेट थोडे अशक्त पडे. ललित रिंग रोडवरच्या एका कापडाच्या पेढीत कॉम्प्युटर सांभाळी. संचाला जुळणारी तिसरी पेटी घ्यावी लागते हे त्याला ठाऊक होते. पण कपाटावर दादाची पेटी होती. ती काढून अडगळीत टाकायला त्याचा हात उठेना. त्याने तीच संचाला वायरने जोडली, तिन्ही पेट्यांना वाय-फायचे एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला, आणि काम भागले असे स्वतःला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात बाराला आईचा फोन थरथरला.

ती ओळ वाचून पुष्पाबाई भिंतीला धरून खाली बसली. ललितला त्याच क्षणी कारण कळले होते. तो सांगणारही होता; शब्द जिभेवर आले होते. पण त्या दिवशी नऊ महिन्यांत पहिल्यांदा आईने अख्खी भाकरी खाल्ली. वांग्याची भाजी आणखी मागून घेतली. ललित तिच्या हाताकडे पाहत राहिला आणि त्याने ते शब्द पाण्याच्या घोटाबरोबर गिळले.

उद्या सांगू, असे त्याने ठरवले. तो उद्या तीन आठवडे आला नाही.

*

आधी शेजारणी आल्या. मग दुसऱ्या गल्लीतल्या. मग आठव्या पायरीचा शोध लागला. कोणी तरी गावाकडच्या बहिणीशी व्हिडिओवर बोलत जिना चढत होती. आठव्या पायरीवर बहिणीचा चेहरा थिजला, तोंड अर्धे उघडे, डोळे अर्धे मिटलेले. खाली उतरली तरी थिजलेलाच. दुसरीने करून पाहिले, तिचेही तेच. पुष्पाबाईने घराचा पासवर्ड सगळ्यांना सांगितला आणि रांगच लागली. लोक फोन समोर धरून, श्वास रोखून, पायऱ्या मोजत चढत आणि आठव्या पायरीवर फोनमधले माणूस मेल्यासारखे थांबले की कपाळाला हात लावून उतरत.

“माझ्या रिक्षाचं मीटरही असंच थांबतं,” समोरचा रिक्षावाला भाईदास म्हणाला. “त्याच्यातही कोणी बसलंय काय?”

“थांबतं का थांबवता, भाईदासभाऊ?” जिन्यातून कोणी बाई म्हणाली. लोक हसले. पण हसू लवकर विरले. वर त्या पायरीवर कोणाचा तरी चेहरा पुन्हा थिजला होता.

तिसऱ्या आठवड्यात भेस्तानहून राघोबाबा आला. पांढरा झब्बा, मनगटाला चमकते घड्याळ, हातात रुद्राक्षांची माळ. आल्या आल्या त्याने घर पाहण्यासाठी सगळ्यांना बाहेर काढले आणि अर्धा तास एकटाच वरखाली हिंडला. मग पाटावर बसून बोलू लागला.

“आत्मा म्हणजे काय? लहर! वाय-फाय म्हणजे काय? लहर! लहरीला लहर ओढते की नाही? हे विज्ञान आहे, बेन. साहेब लोकांना आत्ता कळलं, आमच्या पूर्वजांकडे टॉवरसुद्धा नव्हते आणि फुल रेंज होती. तुमच्या मोबाइलला फाइव्ह-जी, मला सात पिढ्यांचा जी!”

माना हलल्या.

“आता मी त्याला बोलावतो. सूनबाई कुठंय? जा बेटा, खोलीत नवऱ्याच्या फोटोपुढचा लाइटचा दिवा लाव आणि खाली येऊन बस. बटण चालूच राहू दे. माळेचे एकशे आठ मणी संपायच्या आत तो दाराशी असेल.”

गायत्री वर जाऊन आली. बाबाने डोळे मिटले, माळ ओढायला सुरुवात केली. खोलीत माशीचाही आवाज नव्हता. फक्त मागचे लूम, आणि मण्यांची टकटक. शेवटचे चार-पाच मणी उरले असताना पुष्पाबाईचा फोन थरथरला.

कुंदन आता आपल्या घराशी जोडले गेले आहे.

ललितने मान खाली घातली. बाबाने डोळे उघडले तेव्हा त्यात करुणा ओतप्रोत भरलेली होती.

“माय, आता कडू सांगतो. ही सूनबाई बाजारात जाते तेव्हा घरातलं नेट कसं चालतं?”

पुष्पाबाई आठवू लागली. “चांगलं चालतं.”

“आणि ही आली, की?”

 पुष्पाबाईची नजर हळूहळू सुनेकडे वळली. सगळ्यांच्याच वळल्या. ते खरे होते. सगळ्यांनी पाहिले होते.

“ही असेल तिथं तो येतो. ही गेली की तो तडफडत जातो. हिनं त्याला बांधून ठेवलंय, माय. जिवंतपणी याच ओढीनं तो रस्त्यावर घाई करत होता. रविवारी सकाळी नऊला मी त्याला मोकळा करतो. त्यानंतर ही या घरात नको. माहेरी दोंडाईच्याला पाठवा. मुलगी तुमच्या रक्ताची, ती इथं राहील.”

 गायत्रीने उज्ज्वलाला जवळ ओढले, आणि शेजारची बाई नकळत थोडी बाजूला सरकली. ते सरकणे ललितने पाहिले. एक वीतभर जागा होती. पण त्या वीतभर जागेत पुढे काय काय येऊन बसू शकते, ते त्याला तेव्हाच दिसले.

*

शनिवारी तो कामाला निघाला तेव्हा गायत्री जिन्यात बसून साड्यांच्या घड्या घालत होती.

“भाऊजी, तुम्ही कॉम्प्युटरवाले. तुम्हाला काय वाटतं? मी डाकीण आहे?”

“काहीतरीच काय, वहिनी. नेटवर्कचं काही असेल. बघतो मी.”

“तीन आठवडे बघताय.” तिने घडीवर हात फिरवला. “काल मी घाईत खोलीतला विजेचा बोर्ड बंद करायला विसरले. पाच तास बाजारात होते. आल्यावर माय म्हणाल्या, आज तो दिवसभर गेलाच नाही. मी इथं नव्हते, भाऊजी. बटण चालू होतं.”

ललित आठव्या पायरीकडे पाहत राहिला.

“मी काही शिकलेली नाही,” ती म्हणाली. “पण कापड विटलं तर आधी पाणी बघावं, की धुणाऱ्या बाईला मारावं? उद्या मी सांगितलं तर म्हणतील, डाकीण जीव वाचवतेय. तुम्ही सांगितलं तर ऐकतील.”

तो खाली उतरला. दिवसभर पेढीत बसून त्याने एकही काम धड केले नाही.

*

रविवारी नऊ वाजता गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. भाईदासची रिक्षा दाराशी उभी होती, तिच्यात गायत्रीची पत्र्याची पेटी. उधना स्टेशनवरून साडेदहाची गाडी होती. उज्ज्वलाला पुष्पाबाईने मांडीवर घट्ट धरले होते. वडील बन्सीलाल दाराला टेकून उभे होते. लूमच्या आवाजात तीस वर्षे काढल्यामुळे ते कमी ऐकत आणि त्याहून कमी बोलत.

“जा बेटा,” राघोबाबा म्हणाला, “शेवटचा दिवा लाव.”

गायत्री उठू लागली.

“वहिनी बसतील,” ललित म्हणाला.

त्याचा आवाज इतका बारीक आला की पुढच्या दोघा-तिघांनाच ऐकू गेला. त्याला दुसऱ्यांदा म्हणावे लागले. या वेळी शे-दीडशे चेहरे त्याच्याकडे वळले.

“वहिनी इथेच बसतील. माय, तू वर चल. दिवा तू लाव.”

“आईची माया वेगळी, बाळा,” बाबा घाईने म्हणाला. “विधी पत्नीचा असतो.”

“तो घरी येतो ना? मग आईनं दार उघडलं तर येणार नाही?” भाईदासने मागून विचारले.

 पुष्पाबाई उठली. जिन्यातल्या लोकांनी वाट दिली. ललित तिला पहिल्या मजल्यावरच्या खोलीत घेऊन गेला. मागून बन्सीलाल आणि मावतील तितके लोक चढले, आणि मागे राहायला नको म्हणून बाबाही. कपाटाखाली एक लांब बोर्ड होता. त्यात फोटोपुढचा दिवा, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड यांच्या वायरी खोचलेल्या, आणि चौथी वायर कपाटावर गेलेली.

“दाब, माय.”

तिने बटण दाबले. कुंदनच्या फोटोपुढे लाल दिवा लागला. आणि कपाटावरच्या पेटीवर एक हिरवा ठिपका.

“आबा,” ललित वडिलांना म्हणाला, “घड्याळ बघा.”

 लूम चालत होते. पेटीवरचे हिरवे ठिपके एकाचे दोन झाले, लुकलुकले, विझले, पुन्हा लागले. दोन मिनिटे होत आली तेव्हा पुष्पाबाईच्या हातातला फोन थरथरला.

कुंदन आता आपल्या घराशी जोडले गेले आहे.

“बघा! आईच्या हाकेलाही आला!” बाबा ओरडला.

“आता बंद कर, माय.”

“नको,” पुष्पाबाई म्हणाली. तिला काही तरी कळू लागले होते, आणि ते कळायला नको होते. “नको रे ललित. तो जाईन.”

“माय, बंद कर. तुझ्याच हातानं कर.”

तिचे बोट बटणावर कितीतरी वेळ नुसते टेकून राहिले. मग बटण खाली गेले. दिवा विझला, ठिपके विझले, आणि थोड्या वेळाने फोनवर ओळ आली: कुंदन आता जोडलेले नाही.

ललितने कपाटावरची पेटी उतरवली. वायरीसकट ती दोन्ही हातांत धरून तो बोलू लागला. लोकांकडे न पाहता, त्या पेटीकडे पाहत.

“कुंदन हे या पेटीचं नाव आहे. दुसऱ्या कशाचं नाही. पेटीला करंट मिळाला की तिला जागं व्हायला दोन मिनिटं लागतात. जागी झाली की ती खालच्या पेटीला आपलं नाव सांगते, आणि ते मायच्या फोनवर येतं. आबांचा घरात एकच कायदा आहे, खोली सोडताना, झोपताना, बोर्ड बंद. लूमच्या शेडमध्ये विजेच्या ठिणगीनं सुताच्या फुफाट्याला लागलेली आग त्यांनी पाहिलीय. वहिनी तो कायदा पाळतात. बाहेर जाताना बटण बंद करतात, म्हणून दादा ‘जातो’. सकाळी सात दहाला उजूच्या आंघोळीचं पाणी तापवायला चालू करतात, म्हणून दादा ‘येतो’. पूर्वी त्याच वेळी त्या दादासाठी पाणी ठेवायच्या. सवय त्यांची आहे. वेळ तीच राहिली.”

“आणि ते थिजलेलं थोबाड?” कोणी तरी विचारले.

“खालची आणि वरची पेटी एका संचाच्या आहेत, एकमेकींना ओळखतात. ही दुसऱ्या कंपनीची. हिला त्यांची भाषा येत नाही. आठव्या पायरीवर हिचा जोर सगळ्यात जास्त, म्हणून फोन हिच्याकडे उडी मारतो. ही त्याला आपला वेगळाच पत्ता देते, आणि चाललेलं बोलणं जुन्या पत्त्यावर राहून जातं. खाली उतरलं तरी फोन हिला लवकर सोडत नाही. आता ही बंद आहे. करून बघा.”

भाईदासने फोन लावला. “हां सासूबाई, राम राम. काही नाही, तुमचं तोंड बघायचं होतं.” तो बोलत बोलत खाली गेला, पुन्हा वर आला. आठव्या पायरीवर सासूबाई अखंड बोलत होत्या. “थांबत नाही हो,” तो काकुळतीने म्हणाला, आणि इतक्या दिवसांनी त्या जिन्यात खरे हसू उमटले.

“मेलेलं माणूस कुठल्याही यादीत येत नाही,” ललित म्हणाला. “ज्याचं कारण आपल्याला ठाऊक नाही, त्याला कारणच नाही असं नसतं. कारण शोधायला वेळ लागतो. पण तोवर निदान बाईला घराबाहेर काढू नका. माणसाकडे बोट दाखवण्याआधी एकेक बटण बंद करून बघा.”

बन्सीलाल दारातून पुढे आले आणि राघोबाबासमोर उभे राहिले.

“बाबा, माळ मोजा.”

“आता मुहूर्त—”

“मोजा. मी घड्याळ बघतो.” ते कमी ऐकत असल्यामुळे मोठ्याने बोलत. “लूमवर फेरे मोजण्यात जन्म गेला माझा. त्या दिवशीही मोजलं होतं. एकशे आठ मणी, दोन मिनिटं. तुम्ही अर्धा तास या खोलीत एकटे होता. पेटी बघितली, बोर्ड बघितला, बटण दाबून बघितलं. मग सुनेला दिवा लावायला पाठवत राहिलात.”

बाबाने माळ झब्ब्याच्या खिशात घातली.  लोकांनी त्याला वाट दिली. ती देताना ते बाजूला सरकले, आणि या वेळी ती जागा वीतभरापेक्षा बरीच मोठी होती. भाईदासने रिक्षातून गायत्रीची पेटी उतरवली आणि न विचारता वर नेऊन ठेवली. मागोमाग गायत्रीही वर आली.

“पण ललित,” जाता जाता तो थांबला, “पेटीचं नाव कुंदनच कसं रे?”

“दादानंच ठेवलं होतं,” ललित म्हणाला. “पेटी त्याची होती.”

*

गल्ली रिकामी झाली. पुष्पाबाई खालच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली होती. दुपारी तिने भाकरी खाल्ली नाही. उज्ज्वला तिच्या पाठीला टेकून खेळत होती. आता जिन्यात उजेडाचे चौकोन नव्हते. ऊन वर चढले, की ते तिथून निघून जात.

ललित आठव्या पायरीवर पेटी मांडीवर घेऊन बसला होता. गायत्री वरून आली आणि दोन पायऱ्या वर बसली.

“उपकार झाले, भाऊजी.”

“उशीर झाला, वहिनी.”

“झाला.” तिने त्याच्या मांडीवरच्या पेटीकडे बोट केले. “हा डबा आणला ना, त्या दिवशी यांनी उजूला मांडीवर घेतलं होतं. तिचं बोट धरून याला नाव टाकलं. उजू. मी तिथंच होते. मघाशी सगळ्यांसमोर बोलले नाही.”

लूम चालत होते. पेटी त्याच्या मांडीवर थरथरत होती, बंद असूनही.

नवा संच बसवताना जुनी पेटी, आतल्या नावासकट, पुसून कोरी करावी लागली होती. मग तिने वाय-फायचे नव्हे, स्वतःचे नाव विचारले होते. रिकाम्या चौकटीत एक उभी रेघ लुकलुकत होती, आणि खोलीत दुसरे कोणी नव्हते.

ते नाव दादाने ठेवले नव्हते. दाराला आतून कडी घालून ते ललितने स्वतः लिहिले होते.